परत न आलेली पत्रं

आमच्या कारखान्यातला मेल सर्व्हर मी स्वतःच्या हातांनी बसवला, आणि त्याचा मला भारी अभिमान होता. बेंगळुरूजवळ बोम्मसंद्र्यात व्हॉल्व्हचे भाग बनवणारा आमचा मध्यम आकाराचा कारखाना आहे, आणि तिथे वीज लागणारी पण लेथ नसलेली प्रत्येक वस्तू माझ्या ताब्यात आहे. प्रिंटर, कॅमेरे, हजेरीचं यंत्र, सगळं. एके दिवशी मालकांच्या डोक्यात आलं की गिऱ्हाइकांची ड्रॉइंग दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर पडून राहायला नकोत, आपलं टपाल आपल्याच घरात हवं. मालक माझ्याशी हिंदीत बोलतात, मी त्यांच्याशी कन्नडमध्ये. कोण कुणाचा मान राखतंय ते आम्हा दोघांनाही नक्की माहीत नाही. मी लगेच हो म्हटलं. असं काम मिळायची मी किती वर्षं वाट बघत होतो.

एक जुना पण धडधाकट कॉम्प्युटर घेतला, त्यावर लिनक्स चढवलं आणि तपासणी विभागाच्या मागच्या खोलीत, मापं तपासायच्या गेजांच्या कपाटाशेजारी ठेवून दिला. मेल सर्व्हर बसवणं म्हणजे पोस्ट ऑफिस काढण्यासारखंच असतं. आलेलं घ्यायचं, ज्याचं त्याच्या पेटीत टाकायचं, जाणारं पुढे पाठवायचं. एवढंच. पण नव्या पोस्ट ऑफिसवर जगातलं कुठलंही जुनं पोस्ट ऑफिस विश्वास ठेवत नाही. तू खरंच त्याच पत्त्यावरचा का, तुझं नाव आणि तुझा नंबर जुळतो का, तुझी सही कुठे आहे, असं शंभर वेळा विचारतात, आणि एका टिंबाची चूक झाली तरी तुमचं पत्र कचऱ्यात. दोन आठवडे मी त्या खोलीत बसून फाइली लिहीत होतो आणि खोडत होतो. शेवटी एका दुपारी चेन्नईच्या गिऱ्हाइकाला पाठवलेलं पत्र सरळ त्याच्या पेटीत जाऊन पडलं. मी कॅन्टीनमध्ये जाऊन सगळ्यांना कॉफी पाजली. मेल म्हणजे काय चीज आहे हे त्यातल्या निम्म्यांना माहीत नव्हतं, कॉफी मात्र सगळ्यांनी घेतली.

आता अण्णांबद्दल सांगायला हवं. अण्णा म्हणजे माझे वडील. बेळगावकडचे; शिकून सरकारी कंपनीत इंजिनिअर म्हणून बेंगळुरूला आले ते इथलेच झाले. माझा जन्म इथला. घरी मराठी, तीही कन्नडमधले 'स्वल्प' आणि 'सरी' घातलेली, बाहेर कन्नड, आणि कागदावर फक्त इंग्रजी. मराठी वाचायला मला आईने शिकवलं. लिहायची वेळ माझ्यावर अलीकडेपर्यंत कधी आलीच नव्हती. आई गेल्यापासून अण्णा जयनगरच्या घरात एकटे राहत होते आणि मी बायकोबरोबर जे. पी. नगरमध्ये. स्कूटरने पंधरा मिनिटं.

अण्णांचे कान गेले. कानात घालायचं यंत्र आहे, ते शिट्ट्या वाजवतं म्हणून ड्रॉवरमध्ये असतं. फोनवर बोलणं म्हणजे दोन्हीकडून "काय?" एवढंच. स्मार्टफोन त्यांनी घेतला नाही. काचेवर बोट घासणं हे त्यांच्या मते इंजिनिअरचं काम नव्हे. पण टेबलावरच्या कॉम्प्युटरवर ते रोज सकाळी बसायचे, आणि मला काही कळवायचं असेल तर मेल लिहायचे. इंग्रजीत, आणि थेट ऑफिसच्या थाटात. वर विषय, त्याखाली मागच्या पत्राचा संदर्भ, मुद्दा एक, मुद्दा दोन, शेवटी 'युवर्स, फादर'. नळ गळतोय हेसुद्धा असंच यायचं. आणि यायचं माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर. फुकट मिळालेल्या पत्त्यावर महत्त्वाचं लिहू नये, असा त्यांचा नियम होता.

मी रागीट आहे, आणि हा गुण मी बाहेरून आणलेला नाही. अण्णांचा राग थंड, माझा गरम, एवढाच फरक. गेल्या वर्षी दूध गॅसवर ठेवून ते दोनदा विसरले. दुसऱ्या वेळी शेजारच्या अक्कांना धूर दिसला, त्यांनी त्यांच्याकडच्या किल्लीने दार उघडलं आणि मला फोन केला. मी गेलो तो ठरवूनच गेलो, की आता बास, आता हे आमच्याकडे राहायला येणार. त्यांना तसं म्हटलं. ते नाही म्हणाले. मी परत म्हटलं. आता बहिऱ्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं, आणि ओरडून बोललं की राग नसला तरी येतो. मला तर आधीच आला होता. गॅसचं बोललो, कानांचं बोललो, हट्टाचं बोललो. आईलाही मध्ये आणलं, जे आणायला नको होतं. ते पेपरची घडी घालत बसले आणि म्हणाले, "मी माझ्या घरात बरा आहे."

"मग करा काय करायचं ते," मी म्हणालो. "पुन्हा मला काही सांगू नका."

हे मी दारात, त्यांच्याकडे पाठ करून, तसं हळूच म्हटलं होतं. नेमकं एवढंच त्यांना ऐकू आलं. मी स्कूटर सुरू करताना खिडकीत त्यांचा चेहरा दिसला तेव्हाच मला ते कळलं, आणि तरी मी परत आत गेलो नाही. आपण का जायचं, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मला तेव्हा बरंही वाटलं.

त्याच आठवड्यात कारखान्यात मेलमधल्या कचऱ्याची, म्हणजे स्पॅमची, डोकेदुखी सुरू झाली. पत्ता जगाला कळला की भुरटे येतातच. खरेदी विभागाच्या पेटीत रोज सकाळी ढिगाने पत्रं यायला लागली. निम्म्यांचे विषय चिनी, रशियन, कुठल्या कुठल्या लिपीत. त्या ढिगाखाली एका गिऱ्हाइकाचं बदललेलं ड्रॉइंग दोन दिवस दबून राहिलं आणि जुन्या मापाचा माल निघाला. मालक मागच्या खोलीत स्वतः आले. "ये कचरा आज बंद होना चाहिए," म्हणाले, आणि उभेच राहिले.

मी एका ओळीचा नियम लिहिला. इंग्रजी सोडून दुसऱ्या लिपीत विषय असला, की तो मेलमध्ये उघडा येत नाही. त्याला रोमन अक्षरांचा आणि आकड्यांचा बुरखा घालून पाठवतात, आणि त्या बुरख्याची सुरुवात ठरलेली असते. माझा नियम सांगत होता की अशी सुरुवात दिसली, की पत्र घ्यायचं नाही. त्यात दोन पर्याय होते. एक, पत्र नाकारायचं; मग पाठवणाऱ्याला कळतं की ते पोचलं नाही. दुसरा, पत्र मिळालं असं सांगायचं आणि गुपचूप टाकून द्यायचं. हा दुसरा पर्याय जपून वापरा असं मार्गदर्शिकेत लिहिलं होतं. मी ते वाचलं आणि तरी दुसराच निवडला. भुरट्यांना उत्तर द्यायचं कशाला? त्या आठवड्यात मला कुणालाच उत्तर द्यायचं नव्हतं.

लावण्याआधी मागच्या काही दिवसांच्या टपालावर तो घासून बघितला, तेवढी काळजी मी घेतो. कामाचं एकही पत्र त्यात अडकत नव्हतं. अडकणार कसं? आमच्याकडे कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी, ओडिया, सगळं बोललं जातं. शिव्या तर सहा भाषांत देतात. पण लिहिताना जो तो इंग्रजीत लिहितो, मीसुद्धा. आपली भाषा टाइपही करता येते, तिच्यात कुणी विषय लिहील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी मराठी माणूस, घरात मराठी बोलतो, आणि मी माझ्या हाताने नियम केला की मराठीतलं पत्र म्हणजे कचरा. नियम लागू केला आणि दुसऱ्या सकाळी खरेदी विभागाची पेटी स्वच्छ. मालकांनी पाठ थोपटली.

अण्णांकडून काही येत नव्हतं. पहिल्या आठवड्यात मी म्हटलं, धुमसत असतील. दुसऱ्या आठवड्यात म्हटलं, बघू कोण आधी हलतं. त्यांचा नळसुद्धा गळत नाही वाटतं आता, असं मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, "तुमच्या दोघांत लहान कोण तेच मला कळत नाही. जाऊन ये ना." मी म्हटलं, त्यांनी बोलावल्याशिवाय जाणार नाही. मग तीच डबा घेऊन दोनदा जाऊन आली. दोन्ही वेळा अण्णा नीट बोलले, डबा घासून परत दिला, आमटी चांगली झाली म्हणाले. दुसऱ्या वेळी त्यांनी तिला विचारलं, "त्याच्या ऑफिसातलं ते मेलचं मशीन बरं चाललंय ना?" ती मोठ्याने म्हणाली, "हो, एकदम मस्त. आता कचरा पण येत नाही म्हणाला." ते बरं म्हणाले, आणि पुढे काही विचारलं नाही. ही गोष्ट तिने मला घरी आल्यावर सांगितली. मला त्यात काहीही वावगं वाटलं नाही. उलट, यंत्राची चौकशी करतात पण माझी नाही, याचा मला राग आला.

मध्ये माझा वाढदिवस येऊन गेला. त्या दिवशी अण्णांचा मेल हमखास असायचा: विषय 'बर्थडे ग्रीटिंग्ज', मजकूर दीड ओळ. मी दिवसभर पेटी उघडून बघत होतो. काही आलं नाही. संध्याकाळी घरी परतताना होसूर रोडवरच्या गर्दीत स्कूटरवर बसल्या बसल्या मला एकदम रडू आलं. हेल्मेटचा हा एक फायदा. त्या दिवसापासून मी मनात पक्कं धरलं की म्हाताऱ्याने मला तोडलं.

नंतर महिन्याभराने अक्कांचा फोन आला. त्या कन्नडमध्ये बोलल्या. झाडांना पाणी घालायला सांगून गेलेत, पण तुळस आत घेऊ की बाहेर ठेवू, असं विचारत होत्या. मी विचारलं, कुठे गेलेत? त्या म्हणाल्या, "निनगे गोत्तिल्वा? तुला माहीत नाही?"

अण्णा आठ दिवसांपूर्वी कनकपुरा रस्त्यावरच्या एका वृद्धाश्रमात राहायला गेले होते. दोन बॅगा, कॉम्प्युटरचा खोका आणि आईचा फोटो. टॅक्सीत सामान अक्कांच्या जावयाने चढवलं. मुलाला काम फार आहे, असं अण्णांनी त्यांना सांगितलं होतं.

मी अर्धी रजा टाकून तसाच निघालो. रस्ताभर काय काय बोलायचं ते जुळवत होतो. आश्रम वाईट नव्हता. स्वच्छ, मागे नारळाची झाडं, व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या. अण्णा पेपर वाचत बसले होते. मी समोर उभा राहिलो आणि ओरडलो, "हे काय आहे?" सगळ्या खुर्च्या माझ्याकडे वळल्या.

"ओरडू नकोस," अण्णा म्हणाले. "इथे बाकीच्यांना ऐकू येतं."

त्यांनी शेजारचा छोटा पांढरा बोर्ड आणि पेन माझ्याकडे सरकवलं. तिथे कमी ऐकू येणाऱ्यांना तो देतात. मी त्यावर लिहिलं, 'मला न सांगता आलात?'

"लेखी कळवलं होतं. एकदा नाही, चारदा. उत्तर आलं नाही. मग मी माझं बघितलं."

मी लिहिलं, 'मेल आला नाही.'

"परतही आला नाही," ते म्हणाले. "पत्ता चुकला असता तर परत आला असता. परत आला नाही म्हणजे पोचला. बरं, तुझं मशीन मस्त चाललंय असंही कळलं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या बिघाडाची कारणं एकेक करून बाद करावीत तसं ते बोलत होते. मी लिहिलं, 'शक्यच नाही', त्याखाली रेघ मारली, आणि निघून आलो. घरी आल्यावर बायकोला काय सांगितलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, "अण्णांचे कानच नाही, आता डोकंही गेलंय. न पाठवलेली पत्रं पाठवली म्हणतात." ती म्हणाली, "अण्णा?" एवढंच. पण ज्या तऱ्हेने म्हणाली, त्यामुळे सर्व्हरच्या नोंदी एकदा बघायच्या असं मी ठरवलं.

सोमवारी सकाळी कारखान्यात गेलो आणि मागच्या खोलीचं दार लावून घेतलं. सर्व्हर पत्र टाकून देतो, पण टाकून दिल्याची नोंद ठेवतो. मालकांच्या हौसेखातर मी या नोंदी वर्षभर ठेवायची सोय केली होती. कोणाकडून आलं, कोणासाठी आलं, आणि ज्या ओळीमुळे टाकलं ती विषयाची ओळ. मजकूर नाही. मजकूर गेला तो गेलाच. अण्णांच्या पत्त्याने शोध घेतला. काळ्या पडद्यावर पाच ओळी आल्या.

विषय बुरख्यातच होते, रोमन अक्षरांचा नुसता खिचडा. तो काढायची आज्ञा मला तोंडपाठ आहे. पहिल्या ओळीचा बुरखा काढला. त्या पडद्याला देवनागरी नीट दाखवता येत नाही, काने-वेलांट्या अक्षरांपासून सुटून लांब पडल्या होत्या. बोट ठेवून, आईने शिकवलं होतं तसं, एकेक अक्षर जुळवत वाचलं.

विषय: तुझ्याकडे राहायला येण्याबाबत.

तारीख भांडणानंतर तिसऱ्या आठवड्यातली. दुसरी ओळ: स्मरणपत्र एक, तुझ्याकडे राहायला येण्याबाबत. तिसरी ओळ माझ्या वाढदिवसाची होती. विषय: शुभेच्छा. तीत स्मरण नव्हतं, संदर्भ नव्हता. त्यांनी दोन गोष्टी एकत्र केल्या नव्हत्या. चौथी: स्मरणपत्र दोन. पाचवी: पर्यायी व्यवस्थेबाबत, अंतिम.

अण्णांची आयुष्यभराची रीत मला माहीत होती. पत्र टाकायचं, मग स्मरणपत्र, मग दुसरं स्मरणपत्र. तरीही उत्तर आलं नाही, की समोरच्याला काही म्हणायचं नाही असं धरून पुढची कारवाई. कधी कुणाच्या दारात जाऊन विचारायचं नाही, तिसऱ्याकडून निरोप द्यायचा नाही. अर्ज ज्याच्याकडे केला त्यानेच उत्तर द्यायचं. म्हणून डबा घेऊन आलेल्या सुनेला त्यांनी फक्त मशीन चालतंय का ते विचारलं होतं. आणि तिने चालतंय म्हणून सांगितलं होतं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी केलं होतं, आणि तो संन्यासी माझा बाप होता. मी तो नियम पुसला. पुसल्यावर काही झालं नाही. पंखा फिरत होता, शेजारच्या विभागात कुणी तरी गेज मागत होतं. मी खुर्चीत बसून तोंडावर रुमाल धरला. तपासणी विभागातली बाई काही विचारायला म्हणून आत आली आणि तशीच बाहेर गेली.

रविवारी बायको म्हणाली, मी येते. मी म्हटलं, नको, हे माझं मलाच करू दे. अण्णा व्हरांड्यात त्याच खुर्चीत होते. मी बोर्डवर सगळं लिहिलं. तीन वेळा भरला, तीन वेळा पुसला. कचरा कसा यायचा, नियम कसा केला, विषय मराठीत असल्यामुळे काय झालं. ते चष्मा कपाळावर चढवून, बोर्ड जवळ धरून वाचत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या कामाबद्दल त्यांनी इतकं लक्ष देऊन काही वाचलं असेल.

"म्हणजे तुझ्या मशीनने माझ्या मशीनला सांगितलं की पत्र मिळालं."

मी मान हलवली.

"आणि मग टाकून दिलं."

मी मान हलवली.

"असं खोटं बोलायला यंत्र आपलं आपण शिकत नाही."

'मी शिकवलं,' मी लिहिलं.

"नियम बरोबर लिहिला होतास म्हणायचा. एकही सुटलं नाही." ते किंचित हसले. ते हसू मला थोबाडीत बसली असती त्याहून जास्त लागलं.

'मराठीत का लिहिलंत?' मी विचारलं. 'नेहमी इंग्रजीत लिहिता.'

"इंग्रजीत लिहून बघितलं. कंपनीकडे क्वार्टर मागतोय असं वाटायला लागलं. मग मराठी टाइप करायला शिकलो. आठ दिवस लागले."

ते उठून खोलीत गेले आणि एक फाइल घेऊन आले. प्रत्येक पत्राची प्रत त्यात छापून, भोक पाडून लावलेली होती. पहिलं काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. मी सावकाश वाचलं; मला मराठी सावकाशच वाचता येतं. मुद्दा एक: गॅसचं तू म्हणालास ते बरोबर आहे, तिसऱ्यांदाही झालं, ते मी कुणाला सांगितलं नाही. मुद्दा दोन: मला वेगळी खोली नको, हॉलमधला दिवाण पुरे. मुद्दा तीन: मी तुम्हा दोघांच्या बोलण्यात पडणार नाही, तसंही मला ऐकू येत नाही. मुद्दा चार असा आकडा होता आणि पुढे लिहिलं होतं, संध्याकाळी फार वेळ जात नाही. खाली 'युवर्स, फादर' नव्हतं. नुसतं 'अण्णा' होतं.

मला पुढचं दिसेना. मी बोर्ड ओढला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'घरी चला. आज. आत्ता.' माफी मागायची राहिली म्हणून खाली तेही लिहिलं, 'चुकलो.' तो शब्द मी त्यांच्यासाठी याआधी कधी लिहिला किंवा म्हटला असेन असं मला आठवत नाही.

अण्णांनी ते वाचलं. बोर्ड मांडीवर ठेवला. त्यांच्या मनात बिघाडाचं एक कारण अजून तपासायचं राहिलं असावं, असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं, कारण तो चेहरा मी लहानपणापासून ओळखतो.

"येणारी पत्रं अडत होती, ते कळलं," ते म्हणाले. "ते तू मुद्दाम केलं नाहीस, तेही कळलं. पण मला एक सांग. एवढे दिवस मी काही कळवत नाही असं तुला वाटत होतं. एकटा आहे, गॅस विसरतो, हे तुला माहीत होतं. मग तू का नाही लिहिलंस? तुझ्या मशीनमधून बाहेर जाणारी पत्रंही अडत होती का?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी कान पुढे केला. मी इतक्या हळू म्हटलं होतं की ऐकू येणाऱ्यालाही ते ऐकू गेलं नसतं. मग मी बोर्ड घेतला, आधीचं सगळं पुसलं, आणि 'नाही' असं लिहून त्यांच्यासमोर धरलं.